आत्याची पाठ

इंद्रजीतच्या मुलीच्या बारशाला मी मोठ्या ऐटीत गेले. नाव ठेवायचा मान माझा, आत्याचा. आणि मानपानाच्या बाबतीत मी कुणाला ऐकणाऱ्यातली नाही.

हॉल वारज्यातला. आमचं जुनं घर पाडून बिल्डरनं जी सोसायटी उभी केली, तिचाच. माझी आई, सरुबाई, पाळण्याला झेंडूच्या माळा बांधत होती. मी आल्या आल्या आम्रपालीला, म्हणजे वहिनीला, बाजूला घेतलं.

"बाळाला आईजवळ एकटं सोडू नकोस हं. तिचा हात फार वाईट आहे. मी खाल्लाय त्याचा मार."

आई चार हातांवर होती. तिला ऐकू गेलं असणार. जाऊ दे की! लाटणं, उलथनं, गाईचं दावं, हाताला येईल त्यानं तिनं मला बडवलं, आणि आता म्हातारपणी हिला आजीपणाचं कौतुक हवं.

मी तिच्यासारखी नाही, हे मी सगळीकडे सांगत असते. माझ्या मुलीच्या, ऋचाच्या शाळेत, पालकसभेत, मुलांवर हात उगारू नये यावर मी फार छान बोलते. हिंजवडीच्या ऑफिसातून, ट्रॅफिकनं डोकं फिरून घरी आल्यावर ऋचाचा डबा न संपवलेला दिसला की पुढे जे होतं, ते कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमधून बाहेर जात नाही. खिडक्या आधी लावून घेते मी.

पाळणा म्हणून झाला. मी वाकून बाळाच्या कानाशी तोंड नेलं. "कुर्रर्र... तेजस्विनी!" म्हटलं, आणि बायकांनी हसत माझ्या पाठीत धपाटे घातले. बारशाला आत्याची पाठ अशी बडवायचीच असते. मीही हसत होते.

एवढ्यात पाठीवर काहीतरी धपकन पडलं. ऋचा होती. दोन्ही हात पसरून ती माझ्यावर आडवी झाली होती.

"नका मारू तिला! ती डबा संपवेल! पुन्हा नाही सांडणार! आई, सॉरी म्हण ना, लवकर म्हण! रडू नको, रडलं की अजून बसतात!"

बायकांचे हात तिथंच थांबले. कुणीतरी उगाच खोकलं. त्या पोरीनं एकाही वाक्यात मारणारी म्हणून माझं नाव घेतलं नव्हतं, तरी सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"आगं, रीत हाय ती, पोरी," आई पुढे होत म्हणाली. "आत्याला कुनी खरंच मारत नाय."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. टोमणा मारेल असं वाटलं. तो मी मुकाट्यानं घेतला असता. तिचे डोळे भरून आले होते, आणि तेच मला सहन होईना.

काहीतरी करायचं म्हणून मी पाळण्यातल्या बाळाला उचलायला हात पुढे केले.

"असू द्या ताई, घेते मी," आम्रपाली म्हणाली. आवाज अगदी साधा, पाहुण्यांसमोर ठेवावा तसा. तिनं बाळाला छातीशी धरलं आणि दोन पावलं मागे सरकली.

मी ऋचाला घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. पेढ्यांचं ताट फिरत आलं आणि आमच्यापुढून लगबगीनं पुढे गेलं. ऋचा माझ्या मागे उभी राहून पाठ चोळू लागली, फार हलक्या हातानं.

"खूप लागलं का गं?"

"नाही."

"आज पालथी झोप," ती कानाशी येऊन म्हणाली. "मग कमी दुखतं."

मला ते माहीत होतं. लहानपणी मीही तशीच झोपायचे. पण माझ्या पोरीला ते मी शिकवलं होतं.