रूझबेहचे फाटक

घोलवडच्या किनाऱ्यावर संध्याकाळ समुद्राकडून येत नाही, ती चिकूच्या बागांतून येते. आधी बुंध्यांशी सावळा, घनगर्द, मधुगंधी अंधार साचतो. मग तो पानापानांतून वर चढतो. आणि वर आभाळात मात्र अजून ताम्रवर्ण, केशरवर्ण, शेवटी नुसताच राखवर्ण उजेड रेंगाळत असतो. सुरूंच्या रांगेपलीकडे लाटांचा लवणगंधी निःश्वास ऐकू येतो. बगळे परततात, गाई परततात, चिकू तोडणाऱ्या वारली बाया रिकाम्या टोपल्या डोक्यावर पालथ्या घालून परततात. परतण्याचीच ती वेळ असते.

त्याच वेळी, रोज, इराण्यांच्या बागेच्या लोखंडी फाटकाशी गुलचेहर येऊन उभी राहायची. उंच, कृश, शुभ्रकेशा. डोक्याला पांढरा रुमाल, बोटे फाटकाच्या गजाभोवती. समुद्राकडे जाणाऱ्या तांबड्या रस्त्याला तोंड करून ती हाक मारायची.

"रूझबेह, घरी ये."

एकदाच. तेवीस वर्षे, रोज एकदा. फाटकाला कडी होती, पण तेवीस वर्षांत ती कुणी लावली नव्हती. रानडुकरे शिरतात, चोर शिरतात, असे गडी सांगून थकले. ज्याचे घर त्याने दार का म्हणून वाजवावे, एवढेच ती म्हणे.

रूझबेह तिचा थोरला. एकोणिसाव्या वर्षी मालवाहू जहाजावर नोकरीला गेला. तीन पत्रे आली, चौथे आले नाही. एका बंदरात उतरला तो परत चढला नाही, असे जहाजाच्या कचेरीने कळवले. उतरला, म्हणजे बुडाला नाही. या एका वाक्यावर ती माउली तेवीस वर्षे जगली.

आणि ते नावही असे तसे नव्हते. ते यझदच्या वाळवंटातून आले होते. तिकडे दूरच्या डोंगरातले पाणी जमिनीखालच्या भुयारांतून गावात आणतात; ती भुयारे खणणारा तिचा आजा रूझबेह होता. रूझ म्हणजे दिवस, बेह म्हणजे चांगला. नावात दिवस आणि सारा जन्म अंधारात, पण म्हातारा कधी कुरकुरला नाही. सूर्य कलला की आजी विवराच्या तोंडाशी ओणवून म्हणे, "रूझबेह, घरी ये," आणि धरणीच्या पोटातून आर्द्र, गंभीर, मृद्गंधी स्वरात ओ येई. रोज येई. गुलचेहर तेव्हा चार वर्षांची होती, पण ती ओ तिच्या कानातून पुढे कधी गेली नाही.

बाप तिला घेऊन जहाजाने इकडे आला, तेव्हा त्याने एक गाठोडे आणले, मूठभर डाळिंबाचे बी आणले आणि हे नाव आणले. डाळिंब इथल्या दमट हवेत जगले नाही. नाव जगले, कारण घराने ते जपून वापरले. ज्याचे नाव तो जिवंत असेपर्यंत ते दुसऱ्या पाळण्यात जात नाही, असा त्या घराचा रिवाज होता. आजा गेला, नाव पुढे कितीतरी वर्षे वाट पाहत राहिले, आणि मग गुलचेहरने ते आपल्या पहिल्या मुलाच्या कानात सांगितले. साऱ्या किनाऱ्यावर त्या नावाचा दुसरा माणूस नव्हता. हाक कुणाला मारली, हे कुणाला विचारावे लागत नसे.

त्या वर्षी मुक्ताद आला तेव्हा श्रावण होता. पावसाने धुतलेले, हरितकोमल, क्षणात उजळणारे आणि क्षणात मावळणारे दिवस. पारशी-इराण्यांचे वर्ष सरताना हे दहा दिवस पितरांचे असतात. अगियारीत संगमरवरी मेजांवर चांदीच्या फुलदाण्या मांडतात, प्रत्येक गेलेल्या जिवाची एक. आणि घराण्याच्या वहीतली नावे दस्तूरजी प्रार्थनेत एकेक करून घेतात. गुलचेहरच्या तीन फुलदाण्या असत: बाप, आई, नवरा. चौथी कधी नव्हती. चौथी मांडावी असे तिच्यापुढे म्हणण्याची कुणाची छाती नव्हती.

"मम्मा, या वर्षी तू पहाटेची धावपळ नको करूस," तिची मुलगी मेहेरनाझ म्हणाली होती. "फुलं मी मांडते. तू सावकाश ये."

मेहेरू रूझबेहची धाकटी बहीण; लग्नानंतरही ती आईला सोडून गेली नाही, नवराच या घरी राहायला आला. लग्न होऊन चौदा वर्षांनी, सारे नवस आणि सारे वैद्य संपल्यावर, तिला दिवस गेले होते. सातवा महिना होता. एवढ्या जड पावलांनी पोर पहाटे उठून फुले घेऊन गेली, याचे म्हातारीला कौतुक वाटले.

ती पोहोचली तेव्हा धुपाचा नीलधूसर पडदा आत भरून राहिला होता. चंदनाचा गंध, गुलाबांचा गंध, निशिगंधाचा गंध. मेजावर चार फुलदाण्या होत्या. चौथी कुणा शेजाऱ्याची सरकून आली असेल, असे समजून ती खाली बसली. दस्तूरजींनी बापाचे नाव घेतले, आईचे घेतले, नवऱ्याचे घेतले. आणि मग त्याच संथ, सुरेल, करुणगंभीर आवाजात ते म्हणाले, रूझबेह.

तिने चटकन वळून दाराकडे पाहिले.

तेवीस वर्षांत दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिने ते नाव असे मोठ्याने ऐकले नव्हते. आला, असेच तिला वाटले. दारात ऊन होते, उन्हात ओल्या पायऱ्या होत्या, पायऱ्यांवर इतरांच्या चपला होत्या. मग ती पुन्हा फुलदाण्यांकडे वळली आणि चौथीवरची नवीकोरी, लखलखीत अक्षरे तिने वाचली.

परक्याने दगा दिला असता तर ती तिथेच ओरडली असती. हा पोटच्या पोरीने दिला होता, आणि फुले वाहून दिला होता. तिला राग आला, लाज वाटली आणि फार एकटे वाटले. प्रार्थना संपेपर्यंत ती उठली नाही.

दोघींना घेऊन परतणारा टांगा अर्धा रस्ता चालून गेल्यावर तिने विचारले, "वहीत नाव कुणी घातलं?"

"मी," मेहेरू म्हणाली.

"पत्र आलं काही? कुणी कळवलं?"

"नाही आलं. मला मुलगा झाला तर ते नाव हवंय, मम्मा. तो जिवंत आहे म्हणत राहिलीस तर ते कुणालाच मिळणार नाही कधी."

"म्हणून मारलंस त्याला."

घोड्याच्या टापा ओल्या रस्त्यावर वाजत राहिल्या. मेहेरूचे दोन्ही हात पोटावर होते.

"मी इथंच होते, मम्मा. तेवीस वर्षं. रोज तुझ्या मागे ओट्यावर उभी. मला एकदा तरी मारलीस हाक?"

घरात असलेल्याला कशाला हाक मारायची, असे गुलचेहरच्या ओठांवर आले होते. पण त्या संध्याकाळी ती फाटकाशी गेली आणि रोजच्यापेक्षा मोठ्याने ओरडली, वहीतल्या अक्षरांना, फुलदाणीला, साऱ्या अगियारीला ऐकू जावे म्हणून. "रूझबेह, घरी ये." मेहेरू ओट्यावरून आत निघून गेली.

कार्तिकात मुलगा झाला. गौरवर्ण, दीर्घनेत्र, आज्याच्या हनुवटीचा. नाव पाळण्यात गेले.

आणि काय सांगावे, नाव साऱ्यांना आवडले. किती गोड, किती वेगळे, कुठून काढलेत हो. भेटायला आलेल्या बाया पेढ्याबरोबर नावही घेऊन गेल्या. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे थोडेच राहते? पुढच्या पावसाळ्यात बोर्डीला एक रूझबेह झाला, दिवाळीच्या सुमारास उंबरगावला दुसरा. पलीकडच्या बागांतल्या तिघी-चौघी सुनांनी तर आपल्या दोन-तीन वर्षांच्या मुलांची आधीची नावे मोडून हे ठेवले. पोस्टाजवळच्या राऊतांची नात म्हणाली, आमच्यातही ठेवतील की, त्यात काय. वाळवंट ओलांडून, समुद्र ओलांडून, पिढ्यान् पिढ्या एकट्याने आलेले ते नाव दीड वर्षात गावभर झाले. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे, अशी म्हातारीची गत झाली. संध्याकाळी आता तिची हाक सुटली की चार बागांतून चार दारे कान टवकारत.

तरी तिने हाक सोडली नाही. एवढेच तिचे उरले होते.

नातू दीड वर्षाचा होता तेव्हाची गोष्ट. चैत्रातली निरभ्र संध्याकाळ. बुंध्यांशी अंधार साचत होता, वर केशरवर्ण उजेड रेंगाळत होता. गुलचेहर फाटकाशी आली, तिने गजाला हात घातला, रस्त्याकडे तोंड केले आणि म्हणाली, "रूझबेह, घरी ये."

"ओ."

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्या हाकेला ओ आली. मनाला कळण्याआधी तिचे दोन्ही हात आनंदाने आपोआप पसरले. ओ मागून आली होती. ओट्यावरून उतरून ते पोर दुडुदुडु धावत येत होते, हसत, हाकेला जागत. आणि तिने पसरलेल्या हातांखालून ते सरळ उघड्या फाटकातून बाहेर गेले. रस्त्यावर चिकूच्या पाट्या भरलेली बैलगाडी उतारावरून येत होती.

तिने झेप घातली. या वयात ती कशी धावली ते तिलाच ठाऊक. गाडीवान ओरडला, बैल आडवे झाले, धूळ उडाली. आणि धुळीतून ती पोराला छातीशी धरून आत आली. ते अजून हसत होते. त्याला हाक मारली होती, ते आले होते. त्याचे काहीच चुकले नव्हते.

ती फाटकाकडे वळली. ज्याने आत यावे म्हणून ते उघडे होते, तो आला नव्हता. ज्याने बाहेर जाऊ नये, तो तिच्या कडेवर होता. दोघांचे नाव एक होते.

तिने फाटक लोटले; कडी गंजून जागच्या जागी धरली होती. डाव्या कडेवर पोर, उजव्या हाताने ती कडी ओढू लागली. मेहेरू धावत आली आणि चार पावलांवर थांबली.

"राहू दे, मम्मा. मी लावते."

"उघडं मी ठेवलं होतं," गुलचेहर म्हणाली. "मीच लावते."

ती ओढत राहिली. लोखंड कुरकुरले, हलले, हळूहळू पुढे आले आणि आपल्या खोबणीत बसले. पलीकडच्या बागांतून हाका उठू लागल्या होत्या: रूझबेह, घरी ये, रूझबेह, घरी ये, आणि एकेक रूझबेह धुळीने माखलेल्या पायांनी आपापल्या दारात शिरत होता. आभाळ केशरवर्ण होते, मग राखवर्ण झाले. तांबडा रस्ता समुद्रापर्यंत रिकामा होता, फाटक बंद होते, आणि म्हातारीच्या तळहाताला गंज लागला होता.