बटण कोणी दाबलं

मी इमारतींचे फोटो काढतो. हे वाक्य मी गेली वीस वर्षं लोकांना समजावतोय आणि गेली वीस वर्षं लोक विचारतायत, "म्हणजे लग्नाचे नाही?" नाही हो, लग्नाचे नाही! आमचे बाबा, भगवंतराव, सचिवालयातून रिटायर झाले आणि चिक्कडपल्लीतल्या प्रत्येक शेजाऱ्याला शेवटपर्यंत सांगत राहिले की पराग इंजिनिअरिंगकडेच काहीतरी करतो. मीही त्यांना कधी अडवलं नाही. छापलेल्या फोटोखाली माझं नाव त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, तर बिचारे सांगणार काय?

आमच्या धंद्यात रीतच तशी आहे. फोटो काढायचे आणि आर्किटेक्टच्या हवाली करायचे. तो ते मासिकांना पाठवतो, बक्षिसांना पाठवतो, आणि खाली बारीक अक्षरात त्याच्याच ऑफिसचं नाव येतं. तरुणपणी मी म्हणायचो, जाऊ दे, काम तर मिळतंय. आता काम मिळत नाही. आर्किटेक्ट लोक कम्प्युटरवरच इमारत उभी करून घेतात, झाडांसकट, पळणाऱ्या कुत्र्यासकट. गेल्या आठ महिन्यांत मला तीन कामं मिळाली, त्यातलं एक अफझलगंजच्या सलूनचं होतं. त्रेचाळीसाव्या वर्षी माणसाने दुसरं काय शिकायचं? मी दुपारी घरात बसून लेन्स पुसत बसायचो. त्या आधीच स्वच्छ असायच्या.

अशात एका ट्रस्टची जाहिरात आली. मराठवाडा, तेलंगणा, बिदरकडच्या जुन्या इमारतींचे फोटो, सलग दोन वर्षं, एकच फोटोग्राफर. जाहिरात मी तीनदा वाचली. हे काम माझंच होतं, दुसऱ्या कुणाचं असूच शकत नव्हतं. फक्त एक अट होती. स्वतःच्या नावाने प्रसिद्ध झालेले तीन फोटो, त्यांच्या लिंकसकट, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत.

वीस वर्षांत माझ्या नावाने आलेले फोटो निघाले दोन. अक्षरशः दोन! तिसरा कुठून आणायचा म्हणून मी चार रात्री तळमळलो. खरं तर तिसरा होता, आणि तो या दोन्हींपेक्षा शंभरपट मोठा होता. कुकटपल्लीत साबणाचा एक बंद कारखाना होता. माझा शाळेतला मित्र गौतम आर्किटेक्ट, त्याने त्या कारखान्याचं मुलींचं वसतिगृह केलं. त्या वसतिगृहाचा मी काढलेला संध्याकाळचा फोटो चार वर्षांपूर्वी दिल्लीच्या एका मासिकात आला आणि मग सगळीकडे पसरला. निळं आकाश, चाळीस उजळलेल्या खिडक्या, आणि लोखंडी जिन्यावर ओले केस मोकळे सोडून उभी असलेली एक मुलगी. लोक इमारतीपेक्षा त्या मुलीवर जास्त बोलले. फोटोखाली नाव होतं, 'छायाचित्र: गौतम आणि सहकारी'. त्या सहकाऱ्यांत मी होतो म्हणे.

मासिकाच्या संपादक केतकीबाईंना फोन केला. बाई सज्जन. म्हणाल्या, "नेटवरच्या पानावर नाव बदलायला मला दोन मिनिटं लागतात. पण गौतम सरांनी होकार कळवायला हवा."

म्हणून शुक्रवारी सकाळी गौतमच्या ऑफिसात गेलो. त्याने मिठी मारली, इराणी चहा मागवला, सगळं केलं. विषय काढल्यावर मात्र हसला.

"पऱ्या, कायकू परेशान होता रे? बिल्डिंग माझी. कुठून चांगली दिसते ते मी तुला नकाशावर दाखवलं होतं. तू काय, बटण दाबलंस."

आणि माझं टाळकं सरकलं. माझ्या रागाने माझं कधी भलं केलेलं नाही, पण त्या दिवशी तर त्याने कहर केला. मी उभा राहून अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असा ओरडलो, "जो बटण दाबतो, फोटो त्याचाच असतो! नकाशावर बोट ठेवणाऱ्याचा नाही, इमारत बांधणाऱ्याचा नाही! कायदा वाच जरा. ज्याच्या हाताने फोटो निघाला त्याचं नाव, बस्स!"

ऑफिसातली पोरं माना वर करून बघायला लागली. गौतमने हळूच कप खाली ठेवला.

"ठीक आहे, चिल्लाऊ नको. तूच म्हणतोस ना? मग तेच लिहून दे. बटण मी स्वतः दाबलं, आणि ते बघणारा एक साक्षीदार, त्याची सही. कागद आला की मी त्याच मिनिटाला केतकीला कळवतो. तेव्हा तिथे होतं कोण?"

"सुनीता होती," मी म्हणालो.

"मग झालं की! वहिनी कशाला खोटं बोलतील?"

मी स्कूटरवर बसलो तेव्हा जिंकल्यासारखं वाटत होतं. नारायणगुड्याचा सिग्नल हिरवा झाला तरी मी तिथेच उभा होतो, मागचे हॉर्न वाजवत होते.

काय आहे, त्या संध्याकाळी काय झालं होतं ते मला पक्कं आठवत होतं. ते विसरायचा मी चार वर्षं प्रयत्न केला होता, पण आठवत होतं. अशा फोटोला उजेड मिळतो जेमतेम दहा मिनिटं. आकाश काळं पडायच्या आत आतले सगळे दिवे लागलेले हवेत. सगळं जमून आलं होतं आणि वरच्या मजल्यावरच्या सहा खिडक्या अंधारात. वॉचमन "अब्बी आता साब" म्हणून चहाला गेला तो गेलाच. सुनीता माझ्याबरोबर आली होती, सामान सांभाळायला. कॅमेरा ट्रायपॉडवर लावलेला होता, त्याला लांब वायर, वायरच्या टोकाला बटण. मी ते बटण तिच्या हातात दिलं आणि तीन मजले धावत वर गेलो.

तिसऱ्या मजल्यावर दिवे लावत, धापा टाकत मी फोनवर ओरडलो, "दाब! सुनीता, दाब आता!" तिने दाबलं नाही. मी पुन्हा ओरडलो. मग फोनवर तिचा बारीक आवाज आला, "थांबा हो जरा." आणि बऱ्याच वेळाने, "झालं."

खाली आलो तेव्हा आकाश गेलं होतं. मी तिला वाट्टेल ते बोललो. मग कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तो फोटो पाहिला. तिने एकच काढला होता. ती मुलगी केस वाळवायला जिन्यावर आली होती, ती वळून उभी राहीपर्यंत सुनीता थांबली होती.

पुढे लोक विचारायचे, ती मुलगी कशी मिळाली? मी सांगायचो, "थांबावं लागतं. मी थांबलो." हे मी सुनीतासमोरही सांगितलंय. एकदा नव्हे, दहादा. ती पाहुण्यांना पोहे वाढत असायची.

आणि आज सकाळी गौतमसमोर मी काय बोंबललो? ज्याच्या हाताने फोटो निघाला त्याचं नाव. बस्स.

सुनीता शाळेतून साडेतीनला आली. कागद टाइप करून मी टेबलावर ठेवला होता. तिने पर्स खांद्यावरून न काढताच उभ्याने वाचला. ती गणिताची शिक्षिका आहे, प्रत्येक ओळ तपासते.

"असं झालं नव्हतं," ती म्हणाली.

"अगं, साधारण असंच झालं होतं."

"'माझ्या पतीने माझ्यासमोर स्वतःच्या हाताने बटण दाबले.' हे साधारण आहे?"

"सुनीता, कॅमेरा कुठे लावायचा ते कोणी ठरवलं? मी. लेन्स कोणती, किती उजेड घ्यायचा, सगळं मी. तू बटण दाबलंस, मान्य. पण नुसतं बटण दाबल्याने..."

सकाळी गौतम अगदी हेच, अगदी याच चालीवर बोलला होता. तेव्हा मी त्याच्या अंगावर धावून गेलो होतो.

सुनीता बघत राहिली. तिला सकाळचं काही माहीत नव्हतं. पण माझा चेहरा पडलेला तिला दिसला असणार.

"मग माझं नाव लिहिलं तर?" तिने विचारलं. भांडायला म्हणून नव्हे. खरंच, वर्गात एखादी शंका विचारावी तसं विचारलं.

"तुझं नाव लिहून मला काय मिळणार? मला काम हवंय! दोन वर्षांचं काम आहे, सुनीता. हे गेलं तर मी संपलो. कॅमेरा विकून टाकीन आणि बसेन सलूनचे फोटो काढत. तेही मिळाले तर." माझा आवाज फाटला. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. "पाया पडतो तुझ्या. कर गं सही. कोणाचं काय जातंय?"

कोणाचं काय जातंय, असं मी म्हणालो. तिच्या तोंडावर म्हणालो.

तिने पर्स खुर्चीवर ठेवली.

"पाया बिया नका पडू. पेन द्या."

तिने पूर्ण नाव लिहिलं, सौ. सुनीता पराग माहूरकर, खाली तारीख टाकली, आणि तोंड धुवायला गेली. मी कागदाचा फोटो काढून गौतमला पाठवला. चार वाजून बत्तीस मिनिटांनी केतकीबाईंचा मेसेज आला, नाव बदललं. पावणेपाचला माझा अर्ज गेला.

मी पान उघडून बसलो. निळं आकाश, चाळीस खिडक्या, ती मुलगी, आणि खाली 'छायाचित्र: पराग माहूरकर'. बाबा असते तर गल्लीभर फिरवलं असतं त्यांनी. मला आनंद व्हायला हवा होता. मी वाट पाहत होतो, पण तो होईना.

सुनीता पदराला तोंड पुसत बाहेर आली. मला वाटलं सरळ स्वयंपाकघरात जाईल. ती माझ्यामागे उभी राहिली, चष्मा लावला आणि फोटो बघायला लागली. एवढा वेळ तिने तो कधीच पाहिला नव्हता. निदान माझ्यासमोर तरी.

"छान आलाय," ती म्हणाली. "वरच्या मजल्यावरचे लाइट तुम्ही अगदी वेळेवर लावलेत हं. ते नसते तर काही मजा आली नसती."

मी वळून पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं, आवाजातही काही नव्हतं. ती मनापासून बोलत होती. टोमणा असता तर मी भांडलो तरी असतो.