तुर्गुतच्या हाती दिलेलं पत्र

कुणी मायदेशी निघालंय अशी कुणकुण लागली की परदेशातल्या मराठी माणसाला पोस्टाचं तिकीट म्हणजे उधळपट्टी वाटू लागते. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात पीएच.डी. करणारा श्रीराम त्यातलाच. नागपूरला जाणाऱ्यांच्या बॅगांत त्याने किती पत्रं कोंबली असतील, देव जाणे.

१९८०चा ऑगस्ट. त्याचा रूममेट सेलीम तुर्कस्तानचा. तिकडे डावे-उजवे भररस्त्यात एकमेकांना गोळ्या घालत होते आणि लष्कर कधीही सत्ता घेईल, असं सेलीम रेडिओला कान लावून म्हणायचा. त्याचा धाकटा भाऊ कामगार चळवळीतला, अंकारात लपलेला. देशाबाहेर कसं निसटायचं, हे सेलीमने पत्रात लिहिलं, पाकिटावर अंकारातल्या मावशीचा पत्ता घातला आणि कॅम्पसला निघालेल्या श्रीरामला एवढंच सांगितलं, की पेटीत टाक.

वाटेत तुर्गुत भेटला. तोही तुर्कस्तानचाच, दुसऱ्या दिवशी सुट्टीवर अंकाराला निघालेला. सेलीम लायब्ररीत असायचा तेव्हा, दर रविवारी श्रीरामच्या हातची खिचडी ओरपून वर भांडी घासून जाणारा गुणी मुलगा. त्याचे वडील लष्करात कर्नल आहेत, हे श्रीरामला ठाऊक होतं. पण घरचा माणूस जात असताना पोस्टाची वाट कशाला पाहायची? त्याने पत्र दिलं. सोबत लिंबाच्या लोणच्याची बाटलीही दिली, भोळसट कुठला!

दोन आठवड्यांनी तुर्गुत मिठाईचा डबा घेऊन परतला. पत्र पोचलं, म्हणाला. श्रीराम खुशीत डबा घेऊन घरी आला, तर सेलीम फोन धरून भिंतीला टेकलेला. भावाला सैनिकांनी उचललं होतं. मावशीकडे आलेल्या अधिकाऱ्याच्या हातात सेलीमचं पत्र होतं, फोडलेलं.

श्रीराम आल्या पावली तुर्गुतकडे धावला. तो चिडलासुद्धा नाही.

"देश वाचवायचा तर कुणीतरी हे करायलाच हवं होतं," तो म्हणाला. "आणि मी मागितलं नव्हतं. तूच दिलंस."

ज्याला जेवू घातलं त्यानेच केसाने गळा कापला. श्रीराम तणतणत परतला. लष्कराने सत्ता घेतली ती पुढच्या शुक्रवारी, पण या घरात ती आजच घुसली होती.

सेलीम वाट पाहत होता. "मावशी म्हणते, पाकिटावर पोस्टाचा शिक्का नव्हता. पेटीत टाकलं होतंस ना?"

श्रीरामने सगळं सांगितलं, तुर्गुतला शिव्याही घातल्या. सेलीमने ऐकून घेतलं.

"तुर्गुत अंकाराला निघालाय हे मला माहीत होतं, आणि तो कसा आहे, तेही," तो म्हणाला. "म्हणून तर पत्र तुझ्याकडे दिलं होतं."