मोटारीचं हळदीकुंकू

धनजच्या रामराव पाटलांची मोटार तीन वर्षं गोठ्याशेजारच्या पडवीत उभी होती. लढाईपायी पेट्रोल रेशनवर गेलं आणि मोटारीचा सगळा रुबाब कोंबड्यांच्या वाट्याला आला. त्या टपावर बसत, आणि तांड्यावरून रोज येणारा ड्रायव्हर हेमसिंग त्यांना हाकलत बसे. पाटलांनी कोंबड्यांना ड्रायव्हर ठेवलाय, असं गाव त्याला चिडवी.

दसऱ्याला मात्र मोटारीचा मान असे. पाटलीणबाई, तुळसाबाई, इंजिनावरचं झाकण उघडायला लावत. मोटारीचा जीव आत, मग पूजा बाहेरच्या पत्र्याची कशाला, असं त्यांचं म्हणणं. हळदीकुंकवाचं पाणी त्या इंजिनावर सढळ हातानं शिंपडत. हेमसिंगला ते खटके. पण एवढ्या मायेच्या पूजेत तोंड घालायचं कसं? शिवाय मोटार चालणार होती कुठं! मग तोही हात जोडून उभा राही.

त्या चैत्रात पाटलांची लेक रंगू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पहाटेपासून कळा देऊन पोरगी थकली, तेव्हा सुईणीनं हात टेकले. "मूल आडवं हाय. मूर्तिजापूरच्या दवाखान्यात न्या," ती म्हणाली.

बैलगाडीनं दिवस मोडला असता. पाटलांनी जपून ठेवलेला पेट्रोलचा डबा काढला. हेमसिंगनं दंड भरून येईतो हँडल मारलं, पण इंजिन हूं की चूं करीना. जुनं पेट्रोल कार्बोरेटरात आटून डिंकासारखं चिकटलं होतं. तो काढून धुवायचा, त्यासाठी दोन बोल्ट सोडवायचे. एरवी हे चिलीम ओढता ओढता होणारं काम.

दोन्ही बोल्ट गंजून इंजिनाशी एकजीव झाले होते. हेमसिंगनं पान्यानं खरवडलं, तर गंजात लाल-पिवळी पुटं. हळदीकुंकू!

त्यानं घासलेट ओतलं, हातोडीनं हलके हलके ठोकलं. आतून रंगूची किंकाळी आली की पाना हातातून निसटे. पहिला बोल्ट तासाभरानं हलला. दुसऱ्याचं डोकंच तुटून हातात आलं.

"काहून थांबला रे? पोरगी मरून राह्यली माही!" तुळसाबाई दारातून ओरडल्या.

अडकलेला तुकडा ठोकून बाहेर काढण्यात आणखी एक तास गेला. त्या जागी हेमसिंगनं सीटखालचा बोल्ट बसवला. तो दोन बोटांनी सुटला होता. तिथवर कधी पाणी पोचलंच नव्हतं.

मूर्तिजापूरला रंगू वाचली. मुलगा गेला. डॉक्टर व्हरांड्यात येऊन म्हणाले, दोन तास आधी आणलं असतं तर दोघंही वाचली असती.

तुळसाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. मग त्यांनी हेमसिंगला जवळ बोलावलं. "दोन तास त्या बोल्टातच गेले ना? एवढा गंज चढला कसा रे? मी त दरसाल पूजा करत होती."

खरं सांगितलं तर ही बाई उभ्या जन्मात स्वतःला माफ करणार नाही, हे हेमसिंगला दिसत होतं.

"माही कसूर झाली, बाई. मी तेल लावलं नाई."

हे खोटंही नव्हतं, म्हणून तर ते त्याला जास्त लागलं.

"देवाचं पाणी मी घालत होती, तुह्यानं बोटभर तेल झालं नाई?" तुळसाबाई म्हणाल्या आणि हुंदका देऊन तोंड फिरवून बसल्या.

पाटलांनी हेमसिंगला कामावरून काढलं नाही, पण तुळसाबाई त्याच्याशी बोलेनाशा झाल्या. गावानंही त्याला चिडवणं सोडलं, आणि ते त्याला चिडवण्यापेक्षा जड गेलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी हेमसिंग डब्यात हात घालून प्रत्येक बोल्टला ग्रीस थापत होता. हेच तीन वर्षांपूर्वी केलं असतं तर रंगूचं पोर आता बसू लागलं असतं. त्याचे डोळे भरून आले. ग्रीसचे हात, पुसणार कशानं?

सकाळी तुळसाबाई तांब्या घेऊन आल्या.

"उघड."

त्यानं झाकण उघडलं. पाणी त्यांनी पहिल्यापेक्षा जास्तच शिंपडलं.

"औंदा तरी निगा ठेवजो."

"हो बाई."

ग्रीसवर पाणी ठरेना. लाल थेंब बोल्टांवरून घरंगळून खाली मातीत पडत होते, आणि हेमसिंग हात जोडून ते शेवटच्या थेंबापर्यंत पाहत राहिला.