खाली ठेवलेला चाकू

पार्सल आलं तेव्हा देवू ओट्यावर बसला होता. कुरियरवाल्याने नाव विचारलं, खोका हातात दिला, त्याचा फोटो काढला आणि गाडीला किक मारून गेला. खोका हलका होता. देवूने तो कानाशी धरून हलवला तर आत काहीतरी खडखडलं. त्याला बरं वाटलं. दुरुस्त होऊन आला एकदाचा.

आत जाऊन त्याने चटई टाकली, भिंतीला टेकून बसला आणि खोका उघडला. प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरा चाकू होता. काळी मूठ, तीही प्लास्टिकचीच. पातं नखाने उघडेना, आणि उघडलं तर डावी-उजवीकडे डुलायला लागलं. पात्यावर कंपनीचा हत्ती छापला होता. देवूने त्यावरून अंगठा फिरवला तर हत्तीची सोंड पुसली गेली.

"हा आपला न्हाय," तो मोठ्याने म्हणाला.

घरात कोणी नव्हतं. सरूला जाऊन वर्ष होत आलं होतं, पण काही झालं की आधी तिला सांगायचं ही सवय जात नव्हती.

त्यांचा चाकूही याच कुंजर कंपनीचा, घडीचाच होता. पण त्याची मूठ लाकडाची आणि हत्ती पात्यात ठोकून उमटवलेला. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं वज्रेश्वरीच्या जत्रेला गेली, गरम पाण्याच्या कुंडावर बसली, आणि परत येताना सरूने तो एका दुकानात उचलला. देवू म्हणाला बांगड्या घे, तर म्हणाली, "बांगड्या फुटतील." चाकू तिने त्याच्यासाठी घेतला की स्वतःसाठी, हे कधी ठरलंच नाही. दिवसा तो देवूच्या खिशात असायचा. देवू कापडाच्या लूमवर मिस्त्री होता, सारखं काहीतरी कापावं लागायचं. ड्युटीवरून आला की चाकू सरूचा. भाजीला, मासळीला तिची विळी होती, पण पेरू मात्र तिला चाकूनेच कापायचा असायचा. तिखटमीठ लावून एक फोड त्याला, एक तिला.

आणि चाकू ती कधी हातात देत नसे. खाली ठेवायची, आपला हात मागे घ्यायची, मग त्याने उचलायचा. "हातातून हातात दिला का भांडण व्हतं," म्हणायची. एकदा देवूने मुद्दाम तिचा हात धरून चाकू तिच्या मुठीत कोंबला. त्याच संध्याकाळी पाण्याच्या मोटरीवरून दोघांची अशी जुंपली की शेजारची कमळा मिटवायला आली. दुसऱ्या दिवशी सरूने चहाचा कप त्याच्यासमोर आदळला आणि म्हणाली, "बघितलंस?" तेव्हापासून तोही चाकू खालीच ठेवायला लागला.

एकदा ती तो चुलीपाशी विसरली आणि मुठीचा एक कोपरा जळून काळा झाला. देवूने घर डोक्यावर घेतलं. ती शांतपणे म्हणाली, "पातं तर न्हाय ना जळलं?"

फार वर्षांपूर्वी चाकूची स्प्रिंग तुटली होती. तेव्हा देवूने तो पोस्टाने कंपनीला पाठवला होता. महिन्याने परत आला तो नवी स्प्रिंग बसवून, पात्याला धार आणि तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून. तोच चाकू, तीच जळकी मूठ. पैसेही घेतले नव्हते. सरू हसून म्हणाली होती, "माहेराहून आल्यासारखा आलाय. तेलपाणी करून."

म्हणून या वेळी स्प्रिंग ढिली झाली आणि मिटताना पात्याने बोट कापलं, तेव्हा देवूने फार विचार केला नाही. मुलगी भाविका डोंबिवलीहून आली होती. तिने मोबाईलवर बघून सांगितलं, "बाबा, लाइफटाइम गॅरंटी आहे अजून. पाठवून देऊ." तिनेच सगळं भरलं, एक पोरगा येऊन पाकीट घेऊन गेला. देवूला वाटलं, तेलपाणी होऊन येईल.

त्याने भाविकाला फोन लावला. ती कामात होती. "नवीन दिला ना बाबा? मग चांगलंच झालं की," म्हणाली. मग तो आईचा होता हे तिच्याही लक्षात आलं असावं. "थांबा, मी तुम्हाला कस्टमर केअरचा नंबर पाठवते."

तो नंबर लावला तर आधी एक बाई टेपवर बोलली, मग गाणं लागलं, मग पुन्हा तीच बाई. देवूने फोन स्पीकरवर टाकून चटईवर ठेवला. गाणं घरभर वाजत राहिलं. शेवटी एक जिवंत मुलगी आली.

"कुंजर में आपका स्वागत है. बताइए सर."

"मेरा चाकू वापस चाहिए."

"सर, आपको नया पीस डिलिवर हो गया है."

"हां, वो मिला. वो नको. मेरावाला चाहिए. जला हुआ है एक तरफ से."

"जला हुआ पीस आया है, सर?"

"नाही गं बाय. मेरा जला हुआ है. वो अच्छा है. ये नया बिगडा हुआ है."

तिच्या मागे दुसऱ्या मुलींचे आवाज येत होते, सगळ्या स्वागतच करत होत्या.

"सर, नया पीस खराब है तो दूसरा भेज सकते हैं. पुराना वापस नहीं होता. रिपेअर अब बंद है, कंपनी दूसरे लोगों ने ले ली है. पुराना स्क्रॅप में जाता है."

"कुठे जाता है?"

"स्क्रॅप, सर. भंगार." आवाज खाली आणून ती म्हणाली, "सॉरी, अंकल." आणि लगेच पुन्हा मोठ्याने, "और कोई सहायता कर सकती हूं?"

देवूने फोन बंद केला. मग मेसेज आला, सेवा कशी वाटली, तारे द्या. त्याने दिले नाहीत.

खोका उचलून बाहेर टाकायला निघाला तेव्हा त्यावर चिकटवलेला कागद त्याने पहिल्यांदा वाचला. परत पाठवण्याचा पत्ता होता. गाळा, कंपाउंड, आणि खाली लिहिलं होतं राहनाळ, भिवंडी.

देवूने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तो राहनाळातच बसला होता. ते कंपाउंड त्याच्या आळीच्या मागे, जिथे आधी त्यांच्याच भावकीची भातखाचरं होती. चाकू कुरियरमधून कुठे कुठे फिरून त्याच्याच गावात येऊन पडला होता, आणि तो इथे वाट बघत होता.

त्याने चप्पल घातली. नवा चाकू खोक्यासकट काखेत मारला आणि निघाला.

कंपाउंडात ओळीने गाळे होते, सगळ्यांना निळे पत्रे. कंटेनरांच्या मधून वाट काढत तो त्या गाळ्यापाशी पोचला. दारात सुपरवायझर मनोज कानाला फोन लावून उभा होता. गावचाच होता, देवूला ओळखत होता.

"काय काका, इकडे कसे?"

देवूने सगळं सांगितलं. मनोजने फोन खिशात टाकून ऐकून घेतलं, आणि मान हलवली.

"रिटर्न माल इथंच येतो, खरंय. पण आपण उघडून बी बघत न्हाय. गोणीत टाकतो, गोण भरली का भंगारवाला नेतो. कालच टेम्पो गेला, काका."

"सगळ्या गोणी?"

"सगळ्या." मनोजने त्याच्या काखेतला खोका बघितला. "एक काम करा, अजून दोन नवीन घेऊन जा. मी लिहून टाकतो, डॅमेज म्हणून."

"तू नेलायस का घरी यातला एक?"

मनोज हसला. "एकदा नेला, आता कशाला नेऊ? बायकोनं लिंबू कापायला घेतला तर मूठ वेगळी, पातं वेगळं. माझ्याच अंगावर आली. पण लोक घेतात. स्वस्त हाय ना." त्याचा फोन वाजला. "बसा जरा, पाणी प्या," म्हणून तो गाडी लावून घ्यायला बाहेर गेला.

देवू आत एका फळीवर बसला. पाणी प्यायला नाही. काल टेम्पो गेला. काल तो कमळाच्या ओट्यावर बसून गाड्या जाताना बघत होता. त्यातलाच एक असेल. सरूच्या वेळी निदान खांदा द्यायला तरी मिळाला होता, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. एका चाकूसाठी असं मनात यावं याची त्याला लाज वाटली, पण विचार आला तो आलाच.

समोर एक बाई जमिनीवर बसून खोकी उघडत होती. खोक्याची पट्टी कापायची, आतले चाकू मोजून ट्रेमध्ये लावायचे, पुढचं खोकं ओढायचं. हात भराभर चालला होता. देवू नुसता बघत होता. मिस्त्रीची नजर, हत्याराकडे आपोआप जाते. तिच्या हातात घडीचा चाकू होता. मिटू नये म्हणून उघड्या पात्याच्या बुडाशी पॅकिंगची पट्टी करकचून गुंडाळलेली. मूठ लाकडाची. एक कोपरा काळा.

तो उठला आणि तिच्यासमोर जाऊन उकिडवा बसला.

बाईने त्याची नजर कुठे आहे ते बघितलं आणि चाकू पदराखाली घेतला. दाराकडे एकदा बघून घेतलं. मनोज बाहेर ड्रायव्हरवर ओरडत होता.

"भंगारातला हाय," ती दबक्या आवाजात म्हणाली. "चोरला न्हाय. गोणीतून पडला व्हता."

"चोरला म्हटलं का मी?"

"मंग काय बघताव?"

"माझा हाय तो."

तिचा विश्वास बसला नाही. "तुमचा कशावरून?"

"कोपरा जळलाय. चुलीपाशी ठेवला व्हता. बायकोनं."

तिने पदराखालून चाकू काढला, काळा कोपरा बघितला, मग देवूला बघितलं. तिचं नाव राहीबाई. गणेशपुरीच्या वरच्या पाड्यातून यायची, सकाळच्या एसटीने.

"एवढा चांगला चाकू टाकलाव कशाला मंग?"

"टाकला न्हाय. दुरुस्तीला पाठवला व्हता."

"हितं?" तिला हसू आवरेना. "हितं कोन दुरुस्त करनार? मी?"

"पट्टी बांधलीस की."

"ती तर अशीच. बोट कापलं माझं पहिल्याच दिवशी." तिने बोट दाखवलं. देवूनेही आपलं दाखवलं. दोघांचीही खूण एकाच जागी होती.

"हे एवढे नवे चाकू हायेत समोर," देवू म्हणाला. "त्यानं का न्हाय कापत?"

राहीबाईने ट्रेमधला एक उचलला, पट्टीखाली घातला आणि ओढला. पट्टी तशीच राहिली, पातं मात्र वाकलं. तिने तो वाकडा चाकू डॅमेजच्या डब्यात टाकला. "ह्यो असा. नव्याची खोकी उघडायला जुनाच लागतो."

जुना चाकू तिच्या मांडीवर होता. अजून बरीच खोकी उघडायची बाकी होती. देवूला कळत होतं की आता मागायला हवा, आणि मागताना काय म्हणावं ते सुचत नव्हतं. बायकोची आठवण आहे, असं म्हटलं तर भीक मागितल्यासारखं झालं असतं. मनोजला हाक मारली असती तर चाकू मिळाला असता आणि हिचं काम गेलं असतं.

"त्या कुठं हायेत?" राहीबाईने विचारलं. "बायको."

"गेली. वर्ष होईल आता."

तिने पातं पदराला पुसलं. देवूने हात पुढे केला, सवयीने नाही, घाईने.

तिने हाताकडे बघितलंसुद्धा नाही. चाकू दोघांच्या मधे फरशीवर ठेवला आणि आपला हात मागे घेतला.

"हातात देत न्हाय आम्ही," ती म्हणाली. "उचला."

देवूला उचलता येईना. तो फरशीवरच्या चाकूकडे बघत राहिला. वर्षभर तो चाकू फळीवरून घेत होता, खिशातून काढत होता, पण त्याच्यापुढे तो कोणी ठेवला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने बाहीने पुसलं. राहीबाईने तोंड फिरवून एक खोकं जवळ ओढलं. त्याला कोणी बघत नाही, अशी सोय केली.

मग त्याने चाकू उचलला.

"आता तू कशानं कापशील?"

"दातानं," ती म्हणाली.

देवूने तेच खोकं आपल्याकडे ओढलं आणि पट्टी कापली. दुसरं ओढलं. तो पट्ट्या कापत गेला आणि ती चाकू लावत गेली. मनोज आत आला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"काका, ड्युटीला लागलाव का काय?"

"पगार नको तुझा," देवू म्हणाला. "नवा चाकू तेवढा परत घे."

सुट्टीची वेळ झाली तेव्हा खोकी संपली होती. राहीबाई डबा उचलून एसटीसाठी धावत निघाली. देवू मागून म्हणाला, "उद्या लूमचा कटर आणून देतो. चांगला हाय, जुना."

"लवकर आणा," ती न थांबता म्हणाली. "सकाळीच खोकी येतात."

येताना त्याने नाक्यावर पेरू घेतले. घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती, पण त्याने दिवा लावला नाही, अजून दिसत होतं. चटई टाकली. पट्टी बांधलेला चाकू धुतला, पेरू कापला, तिखटमीठ लावलं. एक फोड खाल्ली. धार अजून होती.

मग चाकू चटईवर ठेवला, समोर, थोडा पलीकडे. हात मागे घेतला.

मागच्या कंपाउंडात एक कंटेनर मागे घेत होते. त्याचा पीं पीं आवाज बराच वेळ येत राहिला, मग थांबला. देवू बसून होता. दुसरी फोड ताटलीत काळी पडायला लागली.

बाहेरून कमळाने हाक मारली, "देवूदादा, जेवलास कं?"

"जेवतो," तो म्हणाला, आणि वाकून चाकू स्वतःच उचलला.