लाल पातळ करायची गोळी

डॉक्टरांपुढे गेली की माझ्या आईची वाचाच बसते. किर्गिझस्तानातल्या आमच्या नारीनच्या इस्पितळात पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी आली, तेव्हा डॉक्टरांसाठी सायीची बरणी आणली, प्रश्न मात्र एकही आणला नाही.

"सही कुठे करू?" एवढंच तिने विचारलं.

मला राग आला. "आई, आधी धोके तरी ऐकून घे!"

"गप गं! बाजारात आलीयेस का घासाघीस करायला?"

डॉक्टर माक्सत तरुण, बिश्केकमध्ये रशियन बोलत वाढलेला. तो चिडला नाही, खुर्ची ओढून बसला.

"विचारू द्या की, आपा. जंतुसंसर्ग होऊ शकतो, क्वचित पित्तनळीला इजा होते, रक्तस्रावही होतो. पण त्याची तुम्हाला फार भीती नाही. तुम्ही फक्त ती ताकदीची लाल गोळी घेता ना."

"कसली लाल?" मी म्हणाले. "हिची गोळी तर पांढरी आहे!"

"त्याच म्हणाल्या, लाल गोळी."

आई डोक्यावरच्या रुमालाचं टोक चाळवू लागली आणि माझ्या लक्षात आलं. रक्ताला आम्ही किर्गिझ लोक कन म्हणतो, आणि आईच्या सासऱ्यांचं नाव कनिबेक. सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांचं नावच काय, त्या नावातला शब्दही उच्चारायचा नाही. आजोबा कधीच गेले, तरी आईच्या अंगातून अजून 'लाल'च वाहतं. हृदयाचे ठोके चुकतात म्हणून ती रक्त पातळ करायची गोळी घेते. ते तिने 'लाल पातळ करायची गोळी' असं पुटपुटत सांगितलं असणार. डॉक्टरने 'लाल' तेवढं ऐकलं.

मी हे सांगितलं तेव्हा माक्सतचा चेहरा उतरला. "उद्या ऑपरेशन केलं असतं तर रक्तस्राव थांबला नसता. चूक माझी. मी गोळ्या बघायला मागायला हव्या होत्या."

"मग आजपासून बंद करते ती," आई लगबगीने म्हणाली.

"मुळीच नाही! मनाने बंद केलीत तर गुठळी होऊन अर्धांगवायू होऊ शकतो. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून मी सांगेन. तोवर ऑपरेशन पुढे ढकलू. आता काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा बरं. पुढे कुठल्याही डॉक्टरला हेच सांगायचंय."

"मी ती... लाल..."

"आई, तेव्हा मी सोबत नसले तर?"

सासरे दारातच उभे असल्यासारखा तिने रुमाल पुढे ओढला. मग छताकडे बघून म्हणाली, "मामंजी, माफ करा. तुमच्या नातीचं लग्न बघायचंय मला." नात म्हणजे मीच. मग ती डॉक्टरकडे वळली. "मी कन पातळ करायची गोळी घेते. तुम्ही सांगितल्याशिवाय थांबवायची नाही."

माझे डोळे भरून आले. पण आईचं अजून संपलं नव्हतं. एकदा तोंड उघडलं होतं ना!

"डॉक्टर, एक विचारू? ऑपरेशन केलंच नाही तर काय होईल?"

माक्सतने सायीची बरणी बाजूला सरकवली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.