पाहुण्यांची फळी

अप्पा बसमधून खाली उतरले, खोली नंबर तीनमध्ये गेले आणि स्लॅबखाली घोरत झोपले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

असं काही अजून झालेलं नाही. अप्पा बसमध्येच आहेत, नुकताच दसरा झालाय, आणि आम्ही दोघं बस हिवाळ्यासाठी तयार करतोय. तिथूनच सांगतो.

ही बस आमच्या अंगणात उभी असते. चौऱ्याण्णव साली अप्पांनी ती नांदेडला लिलावात घेतली. लातूरला येताना ती एकदा लोह्याजवळ बंद पडली, एकदा अहमदपूरला, आणि तिसऱ्यांदा आमच्या या मोकळ्या प्लॉटवर. तेव्हा अप्पा म्हणाले, "मुक्काम आला." मग आतल्या सीटा काढल्या. चूल, मोरीचं पीप, देवाचा कोनाडा आणि झोपायला चार फळ्या बसवल्या. आरटीओला ही गाडी वाटायची आणि नगरपालिकेला घर, त्यामुळं दोघांपैकी कुणीच आलं नाही.

बस कशाला? तर त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं गावाकडचं घर पडलं. दगडामातीच्या भिंती, वर मातीचं माळवद. अप्पांनी मला बाहेर आणून आईच्या हातात दिलं आणि परत आत जायला वळले, तर आत जायला आत उरलंच नव्हतं. माझी बहीण रुद्राणी तिथं राहिली. ती सहा वर्षांची होती, मी दीड. मला ती आठवत नाही. देवघरात तिचा फोटो आहे, त्यात ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आणि चौदा वर्षांनी लहान आहे. घरात तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

तेव्हापासून अप्पांना वजनाचं छप्पर चालत नाही. त्यांचं शास्त्र साधं आहे. "घराला हालायची सवय न्हाई, म्हणून ते पडतंय. गाडी हालतच जन्मली. तिला खाली स्प्रिंगचे पाटे हायेत. भूकंप आला तर तिला वाटल, रस्ता खराब हाय." लग्नकार्याला गेले तरी अप्पा मंगल कार्यालयाच्या दारात उभे राहायचे, आधी वर बघायचे, मग अक्षता बाहेरूनच टाकायचे. निम्म्या वाढप्यांच्या डोक्यात.

दरम्यान प्लॉटच्या आजूबाजूला शेतं संपली आणि क्लासेस उगवले. फिजिक्सचा क्लास, केमिस्ट्रीचा क्लास, क्लासला प्रवेश मिळावा म्हणून क्लास. आईनं, म्हणजे साखराबाईनं, मामाच्या मदतीनं पुढच्या बाजूला तीन मजली होस्टेल बांधलं आणि आम्ही दोघं तिकडं राहायला गेलो. अप्पा बसमध्ये राहिले. कंधारची, नायगावची, अर्धापूरची पोरं डॉक्टर व्हायला आमच्याकडं येतात. मीही त्या परीक्षेला तीनदा बसलो. पण होस्टेलवालीचा पोरगाच नापास म्हणल्यावर जाहिरात बिघडते, म्हणून आईनं मला मेसवर ठेवलं. पालकांना मी आचारी वाटतो. मला पण.

तर हिवाळा. पत्र्याची बस डिसेंबरात आतून इतकी गार पडते की खोबरेल तेल दगडासारखं होतं. मागच्या हिवाळ्यात अप्पांना न्यूमोनिया झाला. अठरा दिवस दवाखाना, तोही तळमजल्यावर, कॉट दाराबाहेरच्या पत्र्याखाली लावून. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अजून एक हिवाळा पत्र्यात काढला तर मला विचारायला येऊ नका."

म्हणून तळमजल्याची तीन नंबरची खोली आईनं यंदा पोरांना दिलीच नाही. अप्पांसाठी ठेवली.

"चला की आत," मी म्हणालो. "चार महिन्यांचा प्रश्न हाय."

"स्लॅब म्हंजे काय, माहीत हाय का तुला?" अप्पा म्हणाले. "स्लॅब म्हंजे थांबलेला दगड."

"तिथं डोक्यावर साठ पोरं राहतेत, अप्पा. त्यांच्यावर न्हाई पडत."

"ती अभ्यास करायलीत. जागी असतेत."

हे तुम्ही आमची पोरं न पाहता बोलताय, असं मी म्हणालो नाही. वाद संपला. आता एकच उरलं होतं. अप्पा आत येत नसतील, तर बसमध्ये बोटभर वारा येता कामा नये.

दरवर्षी हे काम आम्ही दसऱ्यानंतर करतो. सगळ्या गाद्या, गोधड्या टपावर उन्हात टाकायच्या. फरशी म्हणजे पत्रा फिनाइलनं धुवायचा, वर पोती, पोत्यांवर सतरंजी. कोपऱ्यांत उंदरांसाठी कडुलिंबाचा पाला. उंदीर तो आवडीनं अंथरतात. ड्रायव्हरच्या केबिनमागं जाड गोधडीचा पडदा, कारण गिअरच्या दांड्याच्या भोकातून जमिनीचा गारवा वर येतो. यंदा मी जास्तीचं काम काढलं. खिडक्या. बावीस खिडक्या, सगळ्या काचांची रबरं कडक होऊन तुटलेली, प्रत्येकीतून वारा शिट्टी मारतो, तीही वेगवेगळ्या सुरांत.

त्या दिवशी सोमवार होता. अप्पा सकाळीच सिद्धेश्वराला गेले. मी फटींत भरायला काहीतरी शोधत होतो. कापूस उडतो, कागद ओलावतो. मग मला पाहुण्यांची फळी दिसली.

चार फळ्यांतली तीन आमची, चौथीला अप्पा पाहुण्यांची म्हणायचे. तिच्यावर कधी पाहुणा झोपला नाही. एकदा बसलिंगप्पा मामा आले, तर अप्पांनी त्यांना आपली जागा दिली आणि स्वतः स्टेअरिंगवर डोकं ठेवून रात्र काढली. मी तिच्यावर कांद्याचं पोतं ठेवलं, तर पोतं बाहेर आलं आणि माझा कानही. मी धरून चाललो की शिस्त आहे. त्या फळीला तीन ठिकाणी जोड होते आणि वरचा फोमही चार तुकड्यांचा होता. एक मोठा, तीन छोटे, नुसते सोल्युशननं चिकटवलेले. मला वाटायचं, अप्पा चिक्कू आहेत.

तुकडे आधीच होते. मला फक्त कापायचे होते.

दोन तासांत बावीसच्या बावीस खिडक्या भरल्या. फोम असा बसला की बाहेर ट्रक गेला तरी आत नुसता ट्रकचा विचार आला. मी मेसमधून काडीपेटी आणली.

अप्पा अकराला आले. कपाळावर विभूती, हातात प्रसादाचं खोबरं. मी त्यांना आत उभं केलं, दार लावलं आणि काडी पेटवली.

"बघा. ज्योत हालते का? सांगा, हालते का?"

ज्योत हलत नव्हती. मी बोट भाजेपर्यंत धरली.

अप्पा ज्योतीकडं बघत नव्हते.

"हितला फोम?"

"खिडक्यांत! एक चिंधी वाया घालवली न्हाई."

अप्पा खिडकीखिडकीपाशी गेले, फटीत बोट घातलं, दाबून बघितलं. मला वाटलं, काम तपासताहेत. सातव्या खिडकीपाशी थांबले. "ह्यो उशाचा," म्हणाले. पुढं गेले. मागच्या काचेपाशी थांबले. "ह्यो पायाचा."

मग खाली बसले. खोबरं त्या उघड्या फळीवर ठेवलं. थोड्या वेळानं उठले, विभूतीचा डबा घेतला, घोंगडं घेतलं.

"तीन नंबरची किल्ली कुठाय?"

मी धावत जाऊन आणली. तुम्ही असता तर तुम्हीही धावला असता.

अप्पा सरळ आत गेले. दारात थांबले नाहीत, वर बघितलं नाही. कॉटवर पडले, तेही बरोबर पंख्याखाली. आई मेसमध्ये मेथी निवडत होती. ती दारात आली, बघितलं, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. "सिद्धेश्वर पावला रे," म्हणाली. त्या दिवशी साठ पोरांना शिरा मिळाला. कशाबद्दल, हे कुणी विचारलं नाही, शिऱ्याबद्दल विचारत नाहीत.

बक्षीस म्हणून त्या फळीला नवा फोम टाकावा, असं मला वाटलं. मी मकबूलचाचांकडं गेलो. त्यांचं सीटकव्हरचं दुकान आहे, आणि बसमधल्या सगळ्या गाद्या चौऱ्याण्णव साली त्यांनीच केल्या. मी झालेलं सगळं सांगितलं. काडीसकट.

चाचांची मशीन थांबली.

"कापला?" ते म्हणाले. "शिवा, अरे, कापला?"

"तुकडेच होते चाचा. तीन जोड होते."

"जोड मीच लावले बेटा." त्यांनी चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला. "पयल्यांदा साडेतीन फुटी केली. तुझा बाप वीरण्णा बोला, मकबूल, लेक सहा सालची हाय, पुरे. मग सत्त्याण्णवला आला. बोला, आता धा सालची झाली, पाय भायेर येतेत. मी एक जोड लावला. दोन हजारला आला, अजून एक. तीनला आला, बोला, सोळा लागलं, आता शेवटचं वाढव, पोरी यापुढं वाढत न्हाईत."

"तुम्ही काही बोलला न्हाई?"

"काय बोलू? माप घिऊन आलता तो. मी कारागीर मानूस. मापाला काय बोलायचं?"

एक रिक्षावाला सीट फाटलीय म्हणून आला आणि आमच्याकडं बघून परत गेला.

"नवीन करून द्या," मी म्हणालो. "आजच."

"देतो की. पण आता पंचविशीची. माप कुणाचं घेऊ?"

मी घरी आलो. बावीस खिडक्यांतला फोम उपसला. उशाचा कुठला, पायाचा कुठला, ते फक्त अप्पांना कळतं. सगळ्या पट्ट्या टोपल्यात भरून तीन नंबरमध्ये नेल्या, कॉटपाशी ठेवल्या.

"अप्पा, चुकलं माझं. मकबूलचाचांना जोडून द्यायला सांगतो. पयल्यासारखं. चला बसमध्ये."

अप्पांनी टोपल्यातली एक पट्टी उचलली, दाबली. ती फुगून पुन्हा वर आली. ती त्यांनी परत ठेवली.

"आता कशाला," म्हणाले. "गेली की ती."

ज्या आवाजात हे सांगितलं, तो कालच कुणी गेल्यावरच्या दुखवट्याचा होता. एकोणीस वर्षं आमच्या घरात कुणी गेलेलं नव्हतं, फक्त एक फळी वाढत होती. तिला मी सोमवारी घालवलं. सकाळी नऊ ते अकरा, कात्रीनं.

अप्पांची तब्येत उत्तम आहे. डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, "बघा, ऐकलं की फरक पडतो." आई त्यांना लसणाची चटणी आणि गरम भाकरी खोलीतच नेऊन देते, ते अर्धी खातात. लग्नाला गेले तर थेट मध्यावर जाऊन बसतात.

परवा मागच्या प्लॉटवर नव्या क्लासच्या पायासाठी सुरुंग लावला. आधी सांगायची पद्धत नाही. पूर्ण इमारत दणाणली. साठच्या साठ पोरं बनियनवर, हातात बायोलॉजी घेऊन, रस्त्यावर आली. आई पिठाच्या हातांनी पळाली. मी उलटा आत पळालो. अप्पा कॉटवर बसून शेंगा सोलत होते. छताचा चुना त्यांच्या टोपीवर पडला होता.

"अप्पा, उठा! हालतंय!"

"हालू दे."

"अहो, स्लॅब हाय वर!"

त्यांनी एक दाणा माझ्या हातावर ठेवला. "तू जा भायेर," म्हणाले. "तुला आई हाय."

त्यानंतर मी तहसीलच्या दारातून कागद आणून खालचा अर्ज केला. दोन खिडक्यांनी तो परत दिला, तिसरी जेवायला गेली होती.

प्रति, मा. संबंधित अधिकारी साहेब, लातूर. विषय: वडिलांची भीती परत मिळणेबाबत. महोदय, अर्जदाराचे वडील श्री. वीरण्णा मेंगशेट्टी, वय ५८, यांच्याकडे सन १९९३ पासून भूकंपाची भीती होती व ती आजवर सुस्थितीत होती. सदर भीती अर्जदाराच्या हातून निष्काळजीपणे नष्ट झाली आहे. ती कशासाठी लागते, याची अर्जदारास पूर्वकल्पना नव्हती. तरी चौकशी करून सदर भीती वडिलांना हिवाळा संपण्यापूर्वी पूर्ववत देण्यात यावी, आणि तसे करणे नियमात बसत नसल्यास, मृत्यूच्या नोंदीत कु. रुद्राणी वीरण्णा मेंगशेट्टी हिचे वय सहाऐवजी पंचवीस असे दुरुस्त करून, मधली एकोणीस वर्षे वडिलांच्या नावे कायम ठेवावीत, ही नम्र विनंती.